इंजिन बंद पडल्यास गप्प बसावे

रस्त्याच्या कडेला बंद स्कूटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाभोवती पाच मिनिटांत जेवढं ज्ञान गोळा होतं, तेवढं विद्यापीठात पाच वर्षांत होत नाही. पहिला येणारा विचारतो, “पेट्रोल आहे का?” दुसरा काही न विचारता टाकीचं झाकण उघडून आत डोकावतो. तिसरा प्लग काढायला लावतो. चौथा तो प्लग तुमच्याच शर्टाला पुसतो. आणि ज्याच्याकडे आयुष्यात सायकलसुद्धा नव्हती असा पाचवा म्हणतो, “कार्बोरेटरमध्ये कचरा असणार.”

माझ्या पिढीचं सगळं यंत्रशिक्षण असं रस्त्यात झालं. मी स्कूटर चालवली त्यापेक्षा तिरकी करून जास्त धरली. चोक, रिझर्व्हचा कॉक, पॉलिश पेपर आणि शिव्या एवढ्या सामग्रीवर मी तिला कितीतरी वर्षं जिवंत ठेवली. आता रस्त्यातल्या बऱ्याच गाड्यांना चोकही नाही आणि किकही नाही, त्यामुळे ही विद्या माझ्याबरोबरच जाणार अशी खंत मनात होती. तेवढ्यात साडूंनी विमान घेतलं.

अख्खं नव्हे, चौथा हिस्सा. साडू कॅलिफोर्नियात लिव्हरमोरजवळ राहतात आणि सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तिकडे चौघं मिळून एक जुनं विमान घेतात, पाळीपाळीने उडवतात आणि मिळून दुरुस्तीची बिलं भरतात. सातबाऱ्यावर चार नावं असूनही त्यांच्यात अजून कोर्टकचेरी झालेली नाही, हे मला त्या देशातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. गोल्डन गेट पूल त्यानंतर.

विमान चार आसनी. पंख वर, पंखा पुढे, इंजिन एक. कंपनीचं नाव सांगत नाही, घरात वाद नकोत. विमानाचा जन्म १९७० नंतरच्या दशकातला, म्हणजे ते साडूंपेक्षा वयाने मोठं. आम्ही दोघं त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. जेवताना साडू म्हणाले, “दादा, शनिवारी हाफ मून बेला जाऊ. समुद्राकाठचं गाव आहे. तिथल्या विमानतळावर बर्गर खाऊ आणि परत येऊ.”

छोटी विमानं चालवणारे लोक असल्या सहलीला ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. बर्गर असतो नेहमीच्याच भावाचा, बाकीचं बिल पेट्रोलचं. ज्या माणसाने आयुष्यभर मिसळीच्या जादा पावाचे पैसे लावले म्हणून हुज्जत घातली, त्याला या सहलीचं निमंत्रण होतं.

मेहुणी म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी गाडीने येते. मुलांसाठी कुणीतरी एक जण जमिनीवर असलेलं बरं.” हे वाक्य ती इतक्या सहज बोलली की ते दर वेळी बोललं जात असणार.

आदल्या रात्री साडू कागद-पेन्सिल घेऊन बसले. “ताई, वजन किती?”

घरात शांतता पसरली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला न मिळालेली माहिती हा माणूस सगळ्यांदेखत विचारत होता. त्यांनी समजावून सांगितलं, की या विमानात टाक्या भरून घेतल्या तर चार धडधाकट माणसं बसत नाहीत. पेट्रोल किती, माणसं किती, सामान कुठे, याचा आधी हिशोब करावा लागतो.

“पंचावन्न लिहा,” बायको म्हणाली.

साडूंनी पंचावन्न लिहिलं आणि पेट्रोल थोडं कमी केलं. शहाणा माणूस.

शनिवारी सकाळी विमानतळावर पोचलो. साडूंनी एक छोटी शिडी आणली, पंखावर चढले, टाकीचं झाकण उघडलं आणि आत पट्टी बुडवली.

“काटा नाही का?” मी विचारलं.

“आहे ना. पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.”

माझ्या पोटात पहिला गोळा आला तो इथे. स्कूटरच्या टाकीत मीही काडी घालून बघत असे. पण पेट्रोल संपलंच तर मला तीन हजार फुटांवरून नव्हे, वडगावच्या फाट्यापासून ढकलत यायचं असे. साडूंनी शिडीवरूनच माहिती पुरवली, की विमानाचं इंजिन बंद पडण्याच्या नेहमीच्या कारणांत पेट्रोल संपणं हे एक आहे. डाव्या टाकीतलं संपलेलं आणि उजवीकडे भरपूर शिल्लक, अशा अवस्थेत खाली आलेले महाभागही आहेत. म्हणून अमेरिकेत नियमच आहे, की दिवसा जिथे जायचं तिथवर पुरून वर अर्ध्या तासाचं पेट्रोल उरलं पाहिजे आणि रात्री पाऊण तासाचं. माणूस काठावरच पास होणार, हे सरकारला तिकडेही ठाऊक आहे.

मग ते पंखाखाली गेले आणि एका पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढून उजेडात धरून बघू लागले. या विमानांचं पेट्रोल निळ्या रंगाचं असतं. त्यात पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मधली रेघ दिसते.

“आणि रेघ दिसली नाही तर?”

“तर चांगलं. किंवा मग नळीत नुसतं पाणीच असेल.”

मी नळीकडे परत एकदा नीट बघितलं. निळं होतं.

पुढे त्यांनी इंजिनाची एक झडप उघडून तेल बघितलं, आणि मी आत डोकावलो. तिथे मला जे दिसलं त्याने मी हादरलो. मला सगळं ओळखता आलं! चार सिलिंडर, हवेने थंड होणारे. कार्बोरेटर. प्लग. ठिणगी पाडायला मॅग्नेटो, त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहतं, अगदी माझ्या स्कूटरसारखं. इतकी वर्षं विमान म्हणजे आपल्या बुद्धीपलीकडचं काहीतरी असणार, या श्रद्धेवर मी निर्धास्तपणे विमानातून फिरत होतो. ज्या यंत्राचं आपल्याला काही कळत नाही त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं असतं. हे यंत्र मला कळत होतं. आणि मला कळणारं यंत्र दर सोमवारी सकाळी बंद पडत असे.

“यात अन् माझ्या स्कूटरमध्ये फरक काय?” मी विचारलं.

“इथे प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत आणि मॅग्नेटोही दोन. एक गेला तर दुसरा.” साडू अभिमानाने म्हणाले.

म्हणजे एक जाणार, हे धरूनच चाललेले होते.

आत बसलो. मी पुढे साडूंच्या शेजारी, बायको मागे. तिने पर्समधून बुडाला लोहचुंबक असलेला गणपती काढला आणि पुढे हात लांबवून काचेजवळ चिकटवायला गेली. “ताई, तिथे नको!” साडू ओरडले. तिथे होकायंत्र होतं. बाप्पा शेजारी बसले असते तर उत्तर दिशेने त्यांनाच नमस्कार केला असता. शेवटी बाप्पांना परत पर्समध्ये बसवलं, आणि इथून पुढे काय ते त्यांनी तिथूनच बघावं असं ठरलं.

मग साडूंनी प्रवाशांना द्यायच्या सूचना सुरू केल्या. मोठ्या विमानात त्या कुणी ऐकत नाही, कारण त्या शेकडो लोकांना उद्देशून असतात. इथे त्या मला उद्देशून होत्या.

“इंजिन सुरू करताना आग लागली तर मी स्टार्टर मारतच राहणार आहे. घाबरायचं नाही. त्याने ज्वाळा आत ओढल्या जातात.”

“बरं.”

“कुठे शेतात उतरायची वेळ आली तर टेकायच्या आधी दार उघडायचं. नंतर चौकट वाकली तर ते अडकून बसतं.”

“बरं.”

“आणि उडताना व उतरताना कुणी बोलायचं नाही.”

मागून बायको म्हणाली, “का?”

इंजिन लगेच सुरू झालं नाही. गार सकाळ म्हणून साडूंनी प्रायमरने जास्तीचं पेट्रोल आत ढकललं होतं, ते जरा जास्तच झालं. पंखा फिरला, खोकला, थांबला. पेट्रोलचा तो ओळखीचा वास आला आणि मला राहवेना. “ओव्हरफ्लो झालंय! चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि मारा!”

साडूंनी चमकून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मांडीवरच्या कार्डावर जवळजवळ हेच छापलेलं होतं. लाल दांडी ओढून पेट्रोल तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर मारा. त्यांनी तसं केलं आणि इंजिन धडाडलं. त्यानंतर माझ्यात जो आत्मविश्वास संचारला तो पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ आहे, असं साडूंचं मत आहे.

धावपट्टीच्या अलीकडे थांबून इंजिनाची परीक्षा घेतात. इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवायचं, मग एकच मॅग्नेटो चालू ठेवून फेऱ्या किती पडतात ते बघायचं. सव्वाशेपर्यंत माफ. डाव्यावर सगळं ठीक होतं. उजव्यावर ठेवल्याबरोबर विमान हिवताप आल्यासारखं थडथडू लागलं.

“प्लग!” मी म्हणालो. “उतरू का? पॉलिश पेपर आहे?”

साडूंनी उतरू दिलं नाही. या निळ्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. ते प्लगवर जमतं आणि ठिणगी मरते. त्यावर उपाय असा, की पेट्रोलचं प्रमाण कमी करून इंजिन थोडा वेळ जोरात चालवायचं, मग ते जळून जातं. त्यांनी तसं केलं, पुन्हा परीक्षा घेतली, इंजिन पास झालं. पॉलिश पेपर न वापरता प्लग साफ झालेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला ते काही बरोबर वाटलं नाही.

विमानातल्या प्लगचा मान केवढा मोठा आहे ते मात्र सांगायला हवं. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामधला प्रवास, कुठल्याही दिशेने, एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण प्लग गेले होते आणि जवळ सुटे नव्हते. टाटांनी आपल्याकडचे दिले. अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. प्लग घेऊन अस्पी असा सुटला, की काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि मी आमच्या चाळीत ज्या ज्या माणसाला प्लग उसना दिला, त्यांच्यातला एकही पुढे कशाचाही प्रमुख झाला नाही आणि प्लगही परत आला नाही.

धावपट्टीवर वळण्यापूर्वी साडू स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले. “उडाल्याबरोबर इंजिन बंद पडलं आणि उंची कमी असली, तर मागे वळायचं नाही. नाक खाली, समोर जे असेल त्यात उतरायचं.”

“मागे एवढी मोठी धावपट्टी सोडून?” बायको मागून म्हणाली.

बंदी मोडली गेली होती, पण प्रश्न रास्त होता. साडू म्हणाले, की तोच तर मोह. घर मागे दिसत असतं, माणूस वळतो, वळताना उंची जाते, वेग जातो आणि घरही राहतं. समोरचं कुंपण बरं, पण मागची धावपट्टी नको. संकटात घरी पळायचं नाही ही शिकवण मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती, आणि ती लेकाच्या वयाच्या नव्हे तरी धाकट्या साडूकडून.

उडालो. खाली लिव्हरमोरचे द्राक्षमळे, पिवळ्या टेकड्या, गॉल्फची मैदानं. फार सुंदर दिसत होतं. साडू म्हणाले, “चला, एक खेळ खेळू. समजा, आत्ता इंजिन बंद पडलं. कुठे उतरायचं?”

हा खेळ वैमानिक सतत मनात खेळतात. परवाना टिकवायला दर दोन वर्षांनी एका प्रशिक्षकाबरोबर उडावं लागतं. साडू त्याला निसर्गसौंदर्य दाखवत होते तेव्हा त्याने गुपचूप थ्रॉटल मागे ओढला आणि म्हणाला, “तुमचं इंजिन गेलं. आता काय करता?” त्यानंतर साडूंनी निसर्ग बघणं सोडलं. आता ते फक्त शेतं बघतात.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. नाक जरा खाली करून वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास ठेवला, तर असलं विमान दर हजार फुटांमागे अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असाल तर हाताशी काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक शेत निवडायचं आणि निवडलं की बदलायचं नाही.

“ते हिरवं,” मी म्हणालो.

“उतार आहे.”

“मग ते चौकोनी.”

“त्याच्यापेक्षा पलीकडचं बरं दिसतंय हो,” बायको म्हणाली. “तिथे शेड पण आहे. सावली मिळेल. रस्त्यालगत आहे, म्हणजे रिक्षा…” इथे ती थांबली.

“मला विचाराल तर गॉल्फचं मैदान,” मी म्हणालो.

“त्याच्याही पुढे एक आहे बघा.”

आम्ही फ्लॅट बघताना हेच केलं होतं. पुण्यात आम्ही इतके फ्लॅट बघितले, की शेवटी त्या पैशात फक्त पार्किंग मिळत होतं. साडूंनी घड्याळ दाखवलं. खेळातलं विमान केव्हाच जमिनीवर येऊन पोचलं होतं, तेही शेड आणि गॉल्फचं मैदान यांच्या मधोमध.

“सोप्पं होतं की,” मी म्हणालो. “समोर एवढा सपाट मळा आहे द्राक्षांचा, सरळ ओळी आहेत. ओळीत उतरायचं.”

“काही नको,” बायको ठामपणे म्हणाली. “मांडवाला तारा असतात. आणि खांब दिसला की तार असतेच, वरून दिसो न दिसो.”

साडू सीटवर सावरून बसले. प्रशिक्षकाने त्यांना अगदी हेच सांगितलं होतं, तारा शोधू नका, खांब शोधा. बायकोचं माहेर द्राक्षांच्या तासगावचं. माझं स्कूटरचं सगळं ज्ञान एकीकडे आणि तासगावचा मांडव एकीकडे. त्या क्षणापासून विमानातलं माझं स्थान घसरलं ते घसरलंच.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोची खाडी लागली, आणि पाण्यावर येताच इंजिनाचा आवाज बदलला. खडखड, मध्येच एक ठोका चुकल्यासारखं, पुन्हा खडखड. मी साडूंकडे बघितलं. ते काट्यांकडे बघत होते. सगळे काटे जागच्या जागी.

“आवाज येतोय ना?” मी हळूच विचारलं.

“येतो. पाणी संपलं की थांबतो.”

वैमानिकांत ही व्याधी सर्वश्रुत आहे. पाण्यावर, डोंगरावर आणि रात्री इंजिन आपोआप खडखडू लागतं, आणि सपाट जमीन आली की आपोआप बरं होतं. इंजिनाला काही झालेलं नसतं. कान बिघडलेले असतात. खरोखरच खाडी ओलांडताच आवाज गेला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि स्वतःवर हसलो.

हसलो तिथे फसलो. डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे झुकलो तेव्हा खाली समुद्रावरून आलेलं विरळ, दमट धुकं पसरलं होतं, आणि या वेळी काटाही पडत होता. फेऱ्या हळूहळू कमी होत होत्या. मग इंजिन खरंच थरथरलं.

“कार्बोरेटरमध्ये कचरा!” माझ्या तोंडून गेलं. तीस वर्षांची सवय.

कचरा नव्हता, बर्फ होता. बाहेर हवा छान गार, बर्फाचं नावही नाही, आणि आत बर्फ! कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान वीस-पंचवीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. हवा दमट असली की तो ओलावा गळ्यात गोठतो. एकविसाच्या खालचं तापमान आणि भरपूर दमटपणा हा त्याचा लाडका मोसम, पण कडक उन्हाळ्यातही तो धरणार नाही याची खात्री देता येत नाही. त्यावर औषध म्हणजे एक दांडी. ती ओढली, की धुराड्याजवळची गरम हवा कार्बोरेटरमध्ये जाते आणि बर्फ वितळतो.

साडूंनी दांडी ओढली. इंजिन आधी थरथरत होतं, ते आता आचके देऊ लागलं.

“बंद करा ते!” मी ओरडलो. “त्यानेच बिघडलं!”

साडूंचा हात दांडीवरच होता. तो किंचित आत गेला, मग थांबला. नंतर त्यांनी कबूल केलं, की पुस्तकात जाड अक्षरात छापलेलं असूनही तो क्षण कठीण होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जातं, त्यामुळे औषध घेतल्यावर दुखणं आधी वाढतं. घाबरून दांडी परत आत ढकलली, की बर्फ राहतो, इंजिन जातं.

“मेडे म्हणायचं का?” मी विचारलं. तीनदा म्हणायचं असतं एवढं मला माहीत होतं.

“बघू थोडं. उगाच लोक जमतील.”

जमिनीपासून दोन हजार फुटांवर एका मराठी माणसाला लोक काय म्हणतील याची काळजी वाटत होती. ही आपलीच खोड असं मी समजत होतो. साडू म्हणाले, की तिकडचेही वैमानिक मदत मागायला असेच लाजतात, आणि वेळीच न लाजता मागितली असती तर बरं झालं असतं, अशी त्यांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत पानंच्या पानं असतात.

मी पॅनेलवरच्या एका काळ्या बटणाकडे हात नेला. ते काय आहे हे मला माहीत नव्हतं, पण काहीतरी करायला हवं होतं. साडू शांतपणे म्हणाले, “दादा, तुम्ही जरा शेत शोधा.”

काम मिळाल्याबरोबर मी गप्प झालो. घाबरलेल्या प्रवाशाला काम द्यायचं हीसुद्धा त्यांच्या विद्येतली एक युक्ती आहे, हे मला मागाहून कळलं आणि थोडा राग आला. खाली समुद्राकाठी शेतं होती, नारिंगी ठिपक्यांची. हाफ मून बे भोपळ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. “भोपळ्याचं शेत आहे,” मी कळवलं. भोपळ्यात बसून लेकीकडून सुखरूप घरी आलेली म्हातारी मला आठवली. तिच्या वाहनाला इंजिन नव्हतं, हा त्या गोष्टीतला तांत्रिक मुद्दा लहानपणी माझ्या लक्षात आला नव्हता.

“भोपळ्यात चालेल,” मागून मंजुरी आली. “मांडव नाही.”

आणि तेवढ्यात इंजिनाने एक मोठा आचका दिला, घसा साफ केला, आणि गुरगुरत पूर्ववत चालू लागलं. काटा वर चढला. हे सगळं मिळून जेमतेम एखाद्या मिनिटाचं प्रकरण असेल. मी मात्र त्यात सगळे हप्ते, विमा आणि पेन्शनचं नॉमिनेशन एवढं आठवून परत आलो होतो.

उतरलो. विमानतळावरच्या खानावळीत मेहुणी मुलांसह आधीच बसलेली होती आणि तिची कॉफी संपत आली होती. “जिजाजी, एवढा उशीर?”

साडूंनी शेजारच्या टेबलावरच्या वैमानिकांना इंजिनाचं सांगितलं मात्र, चार खुर्च्या सरकल्या. “पेट्रोल होतं ना?” एकाने विचारलं. दुसरा न विचारता उठून विमानाकडे बघायला गेला. तिसरा म्हणाला प्लग, चौथा म्हणाला मॅग्नेटो. शुद्ध अमेरिकन इंग्रजी चाललं होतं, पण मला एकही शब्द अनोळखी वाटला नाही. धीर द्यायला म्हणून एकाने हॅरिसन फोर्डची गोष्ट सांगितली. ५ मार्च २०१५ रोजी हा सिनेनट सँटा मोनिकाहून आपल्या जुन्या दोन आसनी विमानात उडाला, इंजिन गेलं आणि तो जवळच्या गॉल्फच्या मैदानात उतरला. जबर लागलं, पण वाचला. चौकशीत दोषी निघाला कार्बोरेटरमधला एक सैल झालेला भाग. मैदानात तेव्हा मणक्याचा एक डॉक्टर हजर होता.

“बघ, मी गॉल्फचं मैदान म्हणत होतो,” मी बायकोला म्हणालो.

“डॉक्टर कुठून आणणार होतात?”

परतताना मी मेहुणीच्या गाडीने आलो, तिला सोबत हवी होती म्हणून. सोबत हवी असल्याचं तिला वाटेत कळलं. बायको विमानाने गेली, पुढच्या सीटवर. वाटेत गाडीच्या पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी उत्साहाने बॉनेट उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण होतं. मेहुणी म्हणाली, “जिजाजी, राहू द्या. सोमवारी कंपनी बघेल,” आणि गाडी सुरू करून निघाली. दिवा चालू, गाडी चालू, आणि करण्यासारखं काही नाही. एवढं असहाय मला भोपळ्यांच्या वरही वाटलं नव्हतं.

साडूंच्या कार्डावरचा क्रम मी त्या रात्री पाठ केला. आधी वेग, मग जागा, मग कारण, आणि वेळ उरला तर बोलणं. आपण सगळे नेमकं उलटं करतो. आधी बोलतो, मग कारण शोधतो, मग दोषी शोधतो, आणि जागा शोधायला लागेपर्यंत जमीन आपल्याला शोधत आलेली असते. विमानाचंच नव्हे, सोसायटीच्या पंपाचंही असंच होतं.

तेव्हा तुमच्या एखाद्या साडूने, भाच्याने किंवा मित्राने विमानाचा चौथा हिस्सा घेतला आणि तुम्हाला बर्गर खायला बोलावलं, तर जरूर जा. वजन खरं सांगा. चुंबकाचा गणपती घरी ठेवा. इंजिन खोकलं तर तुमच्याकडचं सगळं ज्ञान गिळा, हात मांडीवर ठेवा आणि खिडकीतून शेत बघत राहा. एकच शेत बघा. आणि त्यात मांडव असेल, तर मात्र तेवढं बोला.